तोंड उघडा

पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी कसं वाटलं, असं लोक अजून विचारतात. मी सांगतो, फार घाबरलो होतो. ते खरं आहे. पण कशाला घाबरलो होतो, हे मी आजवर अर्धंच सांगत आलो. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे.

गोंदियाच्या दवाखान्यातून आदल्या दिवशी फोन आला होता. सकाळी आठपर्यंत भरती व्हायचं, दुपारी ऑपरेशन. रात्री दहानंतर काही खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, कारण पूर्ण भूल द्यायची होती. पोट रिकामं नसेल तर बेशुद्धीत पोटातलं उलटून श्वासनळीत जातं आणि माणूस दगावू शकतो, हे त्या नर्सने शांतपणे समजावून सांगितलं. बायकोने ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. दहा वाजता तिने पाण्याच्या गुंडावर, म्हणजे हंड्यावर, ताट झाकलं आणि त्यावर वाटी पालथी घातली. मी झोपेत उठून पाणी प्यायला गेलो तर वाटी वाजावी, म्हणून.

सकाळी आम्ही आमगाव स्टेशनवर आलो. गोंदियाला जायला गाडीने अर्धा तास पुरतो. बायको तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. मी म्हणालो, ‘‘मोकळा होऊन येतो.’’ स्टेशनच्या बाहेर आलो आणि पानठेल्यावर गेलो. ठेलेवाल्याने मला पाहिलं. काही विचारलं नाही. पन्नी पसरली आणि घोटायला लागला.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगायला हवं. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर घासून घासून एकजीव करतात. आमच्याकडे लग्नात, मयतीत, भाताच्या बांधीवर रोवणा करताना, पंचायतीच्या ओट्यावर, सगळीकडे ती पन्नी उघडते आणि हाताहातातून फिरते. मी पंचवीस वर्षं खाल्ला. एकविसाव्या वर्षी सुरू केला, तेव्हा डी.एड.चा निकाल लागायचा होता.

त्या सकाळी मी चिमूटभर गालात ठेवला आणि पुडी पँटच्या खिशात टाकली. भीती थोडी खाली बसली. गाडीत बायकोशी बोललो नाही, खिडकीकडे तोंड करून बसलो. तिला वाटलं, घाबरले आहेत. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी थुंकायला उठू शकत नव्हतो, म्हणून गिळत राहिलो.

घरच्यांच्या लेखी मी खर्रा शपथेवर सोडलेला होता, त्या शपथेचं आता सांगतो. ऑपरेशनच्या तीन वर्षं आधी आमच्या केंद्रातल्या एका शिक्षकाचा खर्ऱ्यापायी अर्धा जबडा काढावा लागला. आम्ही दोघं त्याला पाहायला गेलो होतो. तो बोलू शकत नव्हता, पाटीवर लिहून सांगत होता. घरी आल्यावर बायकोने मला मुलीसमोर उभं केलं. मुलगी तेव्हा दहावीत होती. बायको म्हणाली, ‘‘ठेवा तिच्या डोक्यावर हात.’’ मी ठेवला. केसांना खोबरेल तेल लावलेलं होतं, ते माझ्या तळव्याला लागलं. मी म्हणालो की आजपासून खर्रा नाही. मुलगी हसली, मग रडली.

चार महिने मी खरंच सोडला. मग निवडणुकीच्या ड्यूटीवर पेट्यांजवळ बसून रात्र काढायची होती, सोबतच्या माणसाने पन्नी पुढे केली, आणि मी घेतली. त्यानंतर घराबाहेर खात राहिलो. घरी यायच्या आधी चूळ भरायची, बडीशेप चघळायची. एक दिवसही सापडलो नाही. मुलीला ताप आला की मात्र माझे हातपाय गळायचे. एकदा तिची स्कूटी घसरली, कोपर खरचटलं, तर मी पंधरा दिवस खर्रा बंद ठेवला. सोळाव्या दिवशी पुन्हा ठेल्यावर.

मी शिक्षक आहे, हेही सांगायला हवं. आमच्या शाळेच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असं लिहिलं आहे. ते अक्षर माझं आहे. परिपाठात शपथ मी सांगतो, पोरं माझ्यामागे म्हणतात.

तोंड बिघडत चाललंय हे मला वर्षभरापासून कळत होतं. तिखट लागलं की आग व्हायची. मी घरी सांगितलं, अॅसिडिटी आहे. तेव्हापासून बायको भाजीत तिखट घालायच्या आधी माझ्यापुरती वेगळी काढून ठेवायची. रोज. दोन्ही वेळा. मी ती फिक्की भाजी खाताना तिच्याकडे पाहत नसे. त्याआधीच्या दिवाळीत गोंदियाच्या बाजारात मुलीने गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला लावलं. माझ्या हातात अख्खं गुपचुप दिलं. ते तोंडात जाईना. मी ते मोडून खाल्लं, शर्टावर पाणी सांडलं, आणि म्हणालो, मला हे पोरींचं खाणं जमत नाही. ती हसली. मला स्वतःला तेव्हाच कळलं होतं की माझं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

पण पित्ताशयाच्या ऑपरेशनचा तोंडाशी काय संबंध, असं मी धरून चाललो होतो.

दवाखान्यात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा अंगावर आला तो थंडपणा. बाहेर सकाळीच ऊन तापलं होतं, आत फरशी पायाला गार लागत होती आणि फिनाइलचा वास होता. काउंटरवरची मुलगी वर न बघता म्हणाली, ‘‘मरीज के साथ कौन है?’’ बायको पुढे झाली. ‘‘मैं हूं.’’ बायकोचं हिंदी एरवी ऐकायला मिळत नाही. त्या ‘मैं हूं’ने मला भरून आलं आणि भीतीही वाटली. मी एकदम ‘मरीज’ झालो होतो.

माझ्या मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधला. त्यावर नाव, वय आणि एक नंबर. पट्टा एकदा लावला की कापल्याशिवाय निघत नाही. वजन घेतलं, बीपी घेतलं. बीपी जास्त आलं. नर्स म्हणाली, ‘‘काका, टेन्शन नको घेऊ. पाच मिनिट बैठो, फिर घेते.’’ तिची मराठी-हिंदी अशी एकत्रच वाहत होती. दुसऱ्यांदाही जास्तच आलं. माझ्या छातीत धडधडत होतं ते फक्त ऑपरेशनमुळे नव्हतं. तंबाखूनेही धडधडतं. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

मग तिने फाईल उघडली आणि प्रश्न सुरू केले. शुगर आहे का? दमा? याआधी ऑपरेशन? कोणत्या गोळीची अॅलर्जी? मी सगळ्याची खरी उत्तरं दिली. मग ती म्हणाली, ‘‘रात्रीपासून काही खाल्लं?’’

‘‘नाही.’’

‘‘पाणी, चहा?’’

माझ्याऐवजी बायको बोलली, ‘‘पान्याचा घोट नाई घेऊ देला मी. गुंडावर वाटी ठेवली होती जी, वाजाले.’’

नर्स हसली आणि तिने फाईलवर खूण केली. ती खूण मला अजून दिसते. निळ्या पेनची, घाईत केलेली.

मी स्वतःला काय सांगत होतो ते लिहितो. मी सांगत होतो की तिने खाल्लं का असं विचारलं, आणि खर्रा म्हणजे काही खाणं नाही. पोट त्याने भरत नाही. भात खाल्ला नाही, पोळी खाल्ली नाही, म्हणजे मी खोटं बोललो नाही. पण आमच्या बोलीत आम्ही खर्रा चघळतो असं म्हणत नाही, तोंडात ठेवतो असंही म्हणत नाही. आम्ही खर्रा खातो. कोणी भेटला की विचारतो, खर्रा खाल्ला काय? पंचवीस वर्षं हाच शब्द वापरला, आणि त्या दिवशी मी त्याच शब्दाआड लपलो.

नर्सने पुढचा प्रश्न विचारला. ‘‘बिडी, तंबाखू, दारू?’’

बायको सरळ होऊन बसली. ‘‘दारू कधीच नाई. खर्रा खात होते, पन तीन वर्षं झाले, यायनं सोडला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडला.’’

‘‘अरे वा, काका! बढिया. हमारे घर में तो कोई छोड़ता ही नहीं.’’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिला असेल. मी मान खाली घातली. तिला वाटलं, लाजले.

कपडे बदलायला हिरवा झगा दिला. मागून नाड्या बांधायचा, आत काही घालायचं नाही. ‘‘सगळं उतरवा, काका. करदोडा, ताबीज, अंगठी, सब.’’ बायको बाहेर पिशवी घेऊन उभी होती, माझे कपडे घ्यायला. आणि पुडी पँटच्या खिशात होती.

न्हाणीघराला आतून कडी लावून मी पुडी काढली. खाली दोन डबे होते, एक पिवळा, एक लाल. कशात काय टाकायचं ते भिंतीवर लिहिलं होतं. मी शिक्षक माणूस, झगा हातात घेऊन ते वाचत उभा राहिलो. वाटलं की हा झगा घालून मी आत जाईन आणि परत येणार नाही, आणि बायको माझी पँट घडी करताना तिला ही पुडी सापडेल. मेल्यावर सापडेल. तेव्हा उत्तर द्यायलाही मी नसेन.

पुडी टाकून द्यायची होती. ती टाकलीही. पण टाकण्याआधी मी पन्नी उघडली आणि आणखी एक चिमूट तोंडात घातली.

विचारणाऱ्या लोकांना हे मी आजवर कधी सांगितलं नाही. पोट रिकामं का हवं ते मला समजावून सांगितलेलं होतं. बाहेर ती उभी होती. तरीही मी ते केलं. शेवटचं म्हणून केलं असंही म्हणता येणार नाही, कारण शेवटचं मी शंभरदा केलेलं आहे. भीती वाटली की हात तिकडेच जातो, एवढंच.

दोन मिनिटांनी थुंकलो, चूळ भरली, नळ मोठा सोडून. बाहेर आलो. तिने कपडे घेतले, पँट झटकली, घडी केली आणि पिशवीत ठेवली.

‘‘काऊन जी, एवढा घाम येऊन राहिला?’’

‘‘आत गरम आहे.’’

‘‘भेऊ नोका. दुर्बिनीनं करतेत. चार भोकं पाडतेत फक्त.’’ ती हे मला धीर द्यायला म्हणाली.

करदोडा मात्र मी उतरवला नव्हता. गाठ सुटली नव्हती. तो पुढे एका साठीच्या परिचराने कापला. सगळे त्यांना मामा म्हणत. पोटावरचे केस काढायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी पडदा ओढला, बायकोला बाहेर थांबायला सांगितलं, झगा वर केला आणि साबण लावला. वस्तरा पोटावर फिरायला लागला तेव्हा मी श्वास रोखला.

‘‘गुरुजी ना तुमी? श्वास घेत राहा. पोट हाललं तरी चालते, माझा हात हालत नाई.’’

‘‘कसं ओळखलं गुरुजी म्हणून?’’

‘‘फाईलवर लिहून आहे.’’ मग ते खाली वाकले, थांबले, आणि नाकाने श्वास ओढला. वस्तरा हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, ‘‘कोनत्या ठेल्याचा जी?’’

मी ओठ घट्ट मिटले.

‘‘अबे, मी बी खातो. वास मले कळत नाई काय? आत्ताच खाल्ला ना?’’

‘‘थोडासा. थुंकून टाकला.’’

‘‘बाई तं बाहेर सांगून राहिली होती, सोडला म्हणून.’’

मी डोळे मिटले. वस्तरा पुन्हा फिरू लागला. ते आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत होते. ‘‘मले काय करायचं आहे. मी सांगत नाई कोनाले. पन आता बेहोशीवाल्या मॅडम येतीन, त्या तोंड उघडाले लावतेत. तिथं लपत नाई, गुरुजी. मांगं एक आला होता सालेकसाकडचा, त्याचं तोंड उघडेच ना. वापस केला त्याले.’’

‘‘वापस म्हणजे?’’

‘‘म्हंजे घरी. टेबलावर मरन्यापरीस घरी गेलेला बरा, असं मॅडम म्हनाल्या.’’ त्यांनी ओल्या कापसाने पोट पुसलं. ‘‘झालं. पोट तं तुमचं पोराटोरासारखं गुळगुळीत झालं.’’

ते हसले. मला हसू आलं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तोंडाचा आणि या ऑपरेशनचा संबंध आहे.

ऑपरेशन थिएटरच्या अलीकडे एक लांब खोली होती. तिथे मला आणून झोपवलं. मनगटाजवळ सुई टोचून नळी लावली, सलाईन सुरू झालं. बायकोला पाच मिनिटं आत येऊ दिलं होतं. ती स्टुलावर बसून माझ्या पायाचा अंगठा धरून होती. माझे पाय बर्फासारखे झाले होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी काटा पाहत होतो आणि ठरवत होतो. सांगावं. आता सांगावं. बायको बाहेर गेली की सांगावं. नको, सांगितलं तर ऑपरेशन होणार नाही, आणि का झालं नाही हे तिला कळेलच. न सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. एवढंसं तर खाल्लं होतं. माणूस मरण्याच्या भीतीने खरं बोलतो असं ऐकलं होतं. मला मरणापेक्षा तिच्या त्या अभिमानी चेहऱ्याची जास्त भीती वाटत होती. हे वाचून कोणी हसेल, पण ते तसंच होतं.

भूल देणाऱ्या मॅडम आल्या. चाळिशीच्या असतील. इकडच्या नव्हत्या, बोलणं पुणे-साताऱ्याकडचं होतं. फाईल वाचली, नाडी धरली, माझी मान मागे करून पाहिली.

‘‘दात कुठला हलतो का?’’

‘‘नाही.’’

‘‘तोंड उघडा.’’

मी उघडलं.

‘‘पूर्ण उघडा.’’

‘‘हे पूर्णच आहे.’’

त्यांनी आपली दोन बोटं माझ्या दातांमध्ये उभी धरली. ती कशीबशी गेली. तिसरं बोट लावून पाहिलं, ते गेलं नाही. मग बॅटरी मागितली आणि गालाच्या आत उजेड टाकला. बराच वेळ पाहत होत्या. बोट घालून गाल आतून चाचपला. मला तो गाल चामड्यासारखा घट्ट लागतो हे माहीत होतं. त्यांनी बोट बाहेर काढलं. हातमोज्याच्या टोकाला सुपारीचा एक बारीक लाल कण होता.

‘‘तुम्ही खर्रा खाता?’’

बायको लगेच म्हणाली, ‘‘खात होते, मॅडम. तीन वर्षं झाले सोडून.’’

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. बोट तसंच धरून त्या माझ्याकडे पाहत होत्या. आवाज चढला नाही. ‘‘मी तुम्हाला झोपवलं की तुमचा श्वास थांबतो. तो मी चालवते, घशात नळी घालून. ती नळी तोंडातून जाते. तुमचं तोंड इतकंच उघडत असेल तर ती कदाचित जाणार नाही, आणि तोवर तुम्ही झोपलेले असाल. त्या वेळी माझ्या हाताशी फार वेळ नसतो. म्हणून मी आता विचारते आहे. आणि उत्तर मला तुमच्याकडूनच हवंय, ताईंकडून नाही. रात्रीपासून काही खाल्लंय का? खाल्लं म्हणजे भात-पोळी नाही विचारत. तोंडात काहीही घातलंय का?’’

मी बायकोकडे पाहिलं. ती अजून अंगठा धरून होती. तिचा चेहरा अजून तसाच होता, या मॅडमना काही कळत नाही असा.

‘‘सकाळी खाल्ला,’’ मी म्हणालो. ‘‘आमगावला. आणि मघाशी इथे, कपडे बदलताना.’’

‘‘गिळला?’’

‘‘गाडीत गिळला. इथे थुंकला, थोडा गेला असेल.’’

‘‘रोज किती?’’

‘‘पाच-सहा पुड्या.’’

‘‘तीन वर्षांपूर्वी सोडला होता?’’

‘‘चार महिने.’’

माझ्या अंगठ्यावरचा हात निघाला. झटकला नाही. नुसता निघाला आणि मांडीवर जाऊन बसला. पाय पुन्हा गार पडला.

मॅडमनी हातमोजा काढला, फाईलवर काहीतरी लिहिलं. सकाळची ती निळी खूण त्यांनी खोडली. ‘‘आज होणार नाही. उद्या सकाळी करू. वेगळ्या पद्धतीने करावं लागेल. तुम्ही जागे असतानाच नाकातून बारीक दुर्बिणीवर नळी घालायची, ती बसली की मग झोपवायचं. त्रास होतो, सांगून ठेवते. नाक, घसा बधिर करू, पण ठसका येतो, गुदमरल्यासारखं वाटतं. हलायचं नाही. जमेल?’’

मी हो म्हणालो. मला काय जमेल ते मला माहीत नव्हतं.

‘‘आणि हे झाल्यावर तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा. डाव्या गालात एक पांढरा चट्टा आहे. तो मला आवडलेला नाही.’’

त्या गेल्या. खोलीत सलाईनच्या थेंबांकडे बघत आम्ही दोघं. मी वाट पाहत होतो की ती ओरडेल. आमच्या घरात ती ओरडते, मी ऐकतो, तशी आमची रीत आहे. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘‘वर्षभर मी अलग भाजी काढून राहिली होती. अॅसिडिटी म्हनून.’’

‘‘हो.’’

‘‘कायले?’’

मी मनगटावरचा पट्टा फिरवत राहिलो.

‘‘पोरीले मी नाई सांगत,’’ ती उठून म्हणाली. ‘‘तुमचा हात होता तिच्या डोक्यावर. तुमी सांगा.’’

वॉर्डात परत आणल्यावर मी दुपारी मुलीला फोन केला. ती कॉलेजातून नुकतीच घरी आली होती. ‘‘बाबा, झालं का ऑपरेशन? तुम्ही बोलताय कसे?’’ मी सांगितलं. सगळं, सलग, पाठ केलेल्या धड्यासारखं सांगितलं. माझं संपल्यावर फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. मग बायकोचा फोन वाजला आणि ती फोन घेऊन व्हरांड्यात गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. पंधरा मिनिटं ती फक्त ऐकत होती आणि मधून मधून मान हलवत होती.

संध्याकाळी नवा संमतीचा कागद आला. आधीच्यापेक्षा लांब होता. त्यात श्वासनळी, धोका, प्रसंगी गळ्याला छेद असे शब्द होते. माझी सही झाली. नातेवाइकाची सही राहिली होती. नर्सने पेन पुढे केलं, ‘‘चाची, यहां.’’ बायकोने कागद पूर्ण वाचला. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द लावत. मग राउंडला आलेल्या मॅडमना तिने विचारलं, ‘‘मॅडम, आता तरी यायनं सगळं खरं सांगितलं काय? अजून काही राहून नाई ना गेलं?’’

मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘‘राहिलंय का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

बायकोने दोघांकडे पाहिलं आणि सही केली. तिची सही मोठी आणि सावकाश असते, चौकटीच्या बाहेर जाते. तीही त्या दिवशी गेली.

त्या रात्री ती खाटेजवळ खाली चटई टाकून झोपली, माझ्याकडे पाठ करून. तोंडाला सवयीची हाव सुटली होती, जीभ सारखी गालाकडे जात होती. जिथे पांढरा चट्टा होता तिथे. मला तो जाणवत नव्हता, पण तो तिथे आहे हे आता कळलं होतं, आणि जीभ तिथून निघत नव्हती. गुदमरल्यासारखं वाटेल, हलायचं नाही. मी अंथरुणात पडून हलायचं नाही याचा सराव करत होतो.

सकाळी साडेसातला स्ट्रेचर आलं. मामा ढकलायला होते. ते माझ्याशी काही बोलले नाहीत, फक्त वाकून एकदा वास घेतला आणि मान डोलावली. बायको स्ट्रेचरच्या बाजूने चालत होती. थिएटरच्या दारापाशी मामांनी तिला थांबायला सांगितलं. मी तिच्याकडे हात पुढे केला. तिने तो धरला नाही. झग्याची नाडी बाहेर लोंबत होती, ती उचलून आत खोचली.

‘‘मला माफ...’’ मी सुरुवात केली.

‘‘चूप राहा जी,’’ ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते, आवाज नेहमीचा, कडक. ‘‘वापस या पहिले. मंग पाहातो तुमाले.’’

दार उघडलं. आतून थंड हवा आली. मॅडम मास्क लावून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या नाकात औषधाचे थेंब सोडले, ते कडू होते आणि घशापर्यंत उतरले. ‘‘डोळे उघडे ठेवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्याकडे बघा. नाकाने श्वास घ्या, सावकाश.’’

मी त्यांच्याकडे बघितलं आणि श्वास घेतला.